पासष्टाव्या वर्षाची नोंद

आपल्याकडे माणसाची साठी भरली की घरात शांत करतात, आणि तो नोकरदार असेल तर त्याच सुमारास कचेरीत निरोपाचा समारंभ होतो. वय आणि निवृत्ती ही जोडीनेच यावयाची, अशी आपली समजूत त्यामुळे दृढ झाली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र ही समजूत महागात पडण्याचा संभव असतो.

त्या देशाच्या इतिहासात १९६५ हे साल दोन कायद्यांमुळे लक्षात राहण्याजोगे आहे. ३० जुलै रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजेच मेडिकेअरच्या, कायद्यावर सही केली. राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना १९४५ मध्ये मांडूनही जे ती तडीस नेऊ शकले नव्हते, ते माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन त्या प्रसंगी हजर होते. पहिले कार्ड त्यांनाच देण्यात आले. पुढे ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनीच परदेशी लोकांच्या प्रवेशाचा नवा कायदा मंजूर केला, आणि आशियातील सुशिक्षितांना अमेरिकेचे दार मोकळे झाले. त्या दाराने जे मराठी इंजिनीअर आणि डॉक्टर गेले, त्यांचे केस केव्हाच पिकले. दुसऱ्या कायद्याने त्यांना तेथे नेले. पहिल्याशी त्यांची गाठ उतारवयात पडते.

मेडिकेअर निवृत्तीकडे पाहत नाही. ती पासष्टावा वाढदिवस पाहते. नावनोंदणीस सात महिने मिळतात: वाढदिवसाच्या महिन्यापूर्वीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. सप्टेंबरच्या मध्यास पासष्ट पूर्ण करणाऱ्याची मुदत १ जूनला सुरू होते आणि ३१ डिसेंबरला संपते. पहिल्या तीन महिन्यांत अर्ज केला, तर वाढदिवसाच्या महिन्यापासूनच विमा लागू होतो.

जे आधीपासून सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन घेत असतात, त्यांची नोंद आपोआप होते. परंतु १९६० मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण निवृत्तिवेतन सदुसष्टाव्या वर्षी मिळते. साहजिकच, पुष्कळजण तोपर्यंत थांबतात आणि विम्याचेही तेव्हाच पाहू म्हणतात. चूक होते ती येथेच.

अमेरिकेत दहा वर्षे काम करून कर भरलेल्यास इस्पितळाच्या खर्चाचा भाग, पार्ट ए, बिनहप्त्याने मिळतो. डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, पार्ट बी, याला दरमहा हप्ता असतो. सबळ कारणाविना तो उशिरा घेतल्यास विलंबाच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो. सव्वादोन वर्षे उशीर झाला, तर वीस टक्के. हा भुर्दंड एकदाच भरून सुटका होत नाही. तो विमा असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, चालू राहतो. शिवाय मुदत टळल्यावर नोंदणी फक्त जानेवारी ते मार्च या काळात करता येते. एप्रिलमध्ये दुखणे उद्भवले, तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

हा नियम निष्ठुर वाटतो खरा. पण विम्याचे मूळ तत्त्वच त्यात आहे. प्रकृती धड असताना हप्ते टाळावेत आणि अंथरूण धरल्यावर अर्ज करावा, असे सर्वांनी ठरवले तर भांडार उभे राहणार कशाने? आजच्या निरोग्याच्या हप्त्यावर आजच्या रोग्याचा उपचार होतो.

एक सवलत मात्र न्याय्य आहे. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतून विमा मिळत असेल, आणि मालकाकडे वीस वा अधिक माणसे कामाला असतील, तर पार्ट बी लांबणीवर टाकता येतो. ती नोकरी किंवा तो विमा, यांपैकी जे आधी संपेल तेव्हापासून आठ महिन्यांत दंडाविना नोंद होते. मात्र नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला जुना विमा या हिशेबात धरत नाहीत. कार्ड खिशात असते, उपचारही होत असतात, आणि आठ महिने नकळत सरून जातात.

आणखी एक गोष्ट विशेषतः मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावयास हवी. भारतात घेतलेल्या उपचारांचा खर्च मेडिकेअर सर्वसाधारणपणे देत नाही. म्हणून पुण्याला किंवा नागपूरला कायमचे परतलेले कित्येकजण पार्ट बी घेतच नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. पण पुढे जोडीदाराच्या निधनानंतर एकट्याने मुलांकडे परतण्याची वेळ आली, तर भारतात काढलेली ती वर्षेही विलंबातच मोजली जातात. हप्ता वाचवावा की परतीची वाट राखावी, याचा निर्णय पतिपत्नींनी चौसष्टाव्या वर्षीच एकत्र बसून घेतलेला बरा.

परदेशातील वडीलधाऱ्यांना इकडची माणसे वाढदिवसाला आवर्जून फोन करतात, दीर्घायुष्य चिंतितात. चौसष्टाव्या वाढदिवशी त्या शुभेच्छांच्या जोडीला एवढेच विचारावे: अर्जाची तारीख पाहून ठेवलीत ना?