पाऊल आणि पल्ला



हल्ली मनगटावरचे घड्याळ वेळेपेक्षा इतर गोष्टीच जास्त सांगते. झोप किती झाली, नाडी किती पडली, पावले किती चालली. त्यातला एक आकडा मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ट्रेडमिलवर पळताना घड्याळ जे अंतर दाखवते, तो आकडा. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या राजारामपुरीत तो कित्येक मुलांच्या नोकरीशी जोडलेला आहे.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळावे लागते, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे, आणि तेही किती वेळात धाव संपवली यावर. एरवी ही मुले पहाटे सायबर चौकातून विद्यापीठाच्या रस्त्याला लागतात. पण कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की लागला. मैदानात चिखल, रस्त्यावर पाणी. मग परवडेल तो जिम गाठतो आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर सराव करतो.

माझा भाचा त्यांतलाच एक. मागच्या पावसाळ्यात त्याने मला विचारले, "मामू, मशीन म्हणतंय १६०० मीटर झाले, घड्याळ म्हणतंय १७२०. खरं कुणाचं धरू?" मी बी.ए. झालेला कवी, यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण मोजणे हा आम्हा कवींचा रोजचाच उद्योग. म्हणून आम्ही दोघांनी हा हिशेब लावायचे ठरवले.

मोकळ्या रस्त्यावर घड्याळ आकाशातल्या उपग्रहांना आपली जागा विचारते. या क्षणी इथे, पुढच्या क्षणी तिथे, अशा जागा जोडून अंतर काढते. त्यातही उंच इमारती आणि दाट झाडी थोडीफार गडबड करतात. पण पायाला काही आधार असतो. ट्रेडमिलवर तो आधारच जातो. माणूस घामाघूम होतो, पण जागा सोडत नाही. उपग्रहाला विचारले तर तो म्हणेल, हा गृहस्थ अर्ध्या तासापासून इथेच उभा आहे!

म्हणून घड्याळ दुसरा मार्ग धरते. त्याच्या आत हालचाल टिपणारा एक बारीकसा भाग असतो, त्याला अ‍ॅक्सिलरोमीटर म्हणतात. हाताच्या हेलकाव्यावरून तो पावले मोजतो. मग उंची, पावलांची गती आणि आधीच्या धावांचा अनुभव यांवरून घड्याळ एका पावलाची लांबी अंदाजाने ठरवते. पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी, म्हणजे अंतर.

मात्रावृत्तात आम्ही लघूची एक मात्रा धरतो, गुरूच्या दोन. ही मोजणी चुकत नाही, कारण लघु-गुरूचे माप आधीच ठरलेले असते. घड्याळाला पाऊल पडलेले कळते; ते लघु पडले की गुरू, हे कळत नाही. ट्रेडमिलवर बरीच माणसे पडण्याच्या धास्तीने आखूड पावले टाकतात. आणि कुणी समोरची दांडी धरून चालत असेल, तर हात हलतच नाही आणि घड्याळ कित्येक पावले गाळून टाकते. माझ्या वयाची मंडळी दांडी सोडत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग मशीनवर विश्वास ठेवावा का? मशीन पावले मोजत नाही. त्याचा रोलर किती फिरला यावरून पट्टा किती सरकला असेल, हे ते ठरवते. पद्धत चांगली आहे. पण पट्टा सैल झाला, झिजला किंवा अंगावरच्या वजनाने रोलरवर घसरला, तर रोलर फिरतो तेवढा पट्टा सरकत नाही.

याची तपासणी कुणालाही करता येते. मशीन बंद असताना पट्ट्याच्या कडेला खडूने खूण करायची आणि शिंप्याच्या टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोजायची. मग कुणी तरी त्यावर पळत असताना ती खूण किती वेळा समोर आली, ते दुसऱ्याने मोजायचे. रिकाम्या पट्ट्यावर ही मोजणी करण्यात अर्थ नाही, वजन असायलाच हवे. आमचा पट्टा बरोबर ३ मीटर भरला. वेग ताशी १२ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला २०० मीटर. तीन मिनिटांत ६०० मीटर, म्हणजे २०० फेऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या १९४. शंभराला तीनची तूट. याचा अर्थ मशीनचे १६०० मीटर प्रत्यक्षात १५५२ होते.

आता घड्याळ पाहा. त्या आठ मिनिटांत १३२० पावले पडली होती. १७२० मीटर दाखवायचे, तर एक पाऊल १३० सेंटीमीटरचे धरावे लागते. आमच्या मोजणीने ते ११८ च्या आसपास येत होते. पावलामागे बारा सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम सहा-सात बोटे एकमेकांना लावून ठेवली तर होतील तेवढे. पण घड्याळाच्या भरवशावर जो १६०० मीटरला थांबेल, तो खरे पाहता साधारण १४४४ मीटरच पळालेला असेल. सहा मिनिटांत धाव संपवू पाहणाऱ्याला उरलेल्या १५६ मीटरना आणखी ३५ सेकंद लागतात. जिथे सेकंदांवर गुण आहेत, तिथे ही चूक वर्षभराची मेहनत खाऊ शकते.

बऱ्याच घड्याळांत धाव संपल्यावर खरे अंतर भरून घड्याळाला शिकवायची सोय असते. सोय उत्तम आहे. पण मशीनचा न तपासलेला आकडा त्यात भरला, तर घड्याळ तीच चूक इमानेइतबारे गिरवत बसेल. आधी पट्टा मोजा, मग घड्याळाला शिकवा.

इथे मला नैनसिंग रावत आठवतात. भारतीय सर्वेक्षण खात्याचा हा हेर-प्रवासी १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. तिबेटात उघडपणे मोजमाप करणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवलेले. दर शंभर पावलांना एक मणी सरकायचा. आमच्या घरातल्या तसबीहचे मणी मोजताना मला नेहमी त्या माळेचे नवल वाटते. पण खरी करामत माळेची नव्हती. चढ असो की उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे यासाठी त्यांना आधी कसून तयार केले होते. माप पायात पक्के होते, म्हणून मणी खरे ठरले.

मैदानालाही आपले नियम आहेत. ४०० मीटरच्या धावपट्टीचे अंतर आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात. शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या पट्टीतून पळाल्यास फेरीमागे सुमारे सात-साडेसात मीटर जास्त, चार फेऱ्यांत २८ ते ३० मीटर. हेही मुलांनी ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ घड्याळ फेकून द्यावे, असा नाही. तेच घड्याळ, तेच मशीन आणि तीच चाल असेल, तर कालच्यापेक्षा आज आपण पुढे आहोत की मागे, हे ते बऱ्यापैकी सांगते. तब्येतीसाठी चालणाऱ्याला तेवढे पुरे. त्याने मीटरपेक्षा मिनिटे आणि स्वतःचा दम पाहावा. पण ज्याचा आकडा उद्या दुसऱ्याच्या टेपने मोजला जाणार आहे, त्याने आठवड्यातून एकदा तरी, पाऊस उघडताच, मोजलेल्या मैदानावर जावे. तिथे १६०० मीटर म्हणजे १६०० मीटरच असतात, आणि भरतीच्या दिवशी गुण त्यांनाच मिळतात.