पिल्लू घरी आणण्यापूर्वी



महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी उभा राहतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून आत जाण्यास नकार देतो. आश्रितास टाकणे हे त्याच्या मते पातक होय. बंगळूरच्या कोरमंगलासारख्या वस्तीत आश्रयगृहातून पिल्लू आणू पाहणाऱ्या कुटुंबापुढेही हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की, येथे निश्चय वाटेच्या शेवटी नव्हे, तर आरंभीच करावा लागतो.

या शहरात अशा कार्याला भक्कम पाया लाभला आहे. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाई १९५९ साली भारतात आल्या आणि जखमी जनावरांच्या सेवेसाठी येथेच राहिल्या. दिल्ली व जयपूर येथे संस्था उभारल्यानंतर, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेली असता, १९९१ साली त्यांनी बंगळुरात ‘कंपॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन’ या संस्थेची स्थापना केली. परंतु आश्रयगृह कितीही चांगले असले, तरी ते मुक्कामाचे ठिकाण नव्हे. पिल्लाला हवे असते ते घर.

घर देण्यापूर्वी पहिला हिशेब करावयाचा तो वर्षांचा. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते चौदा वर्षांचे असते. कोरमंगलात राहणारे अनेक तरुण नोकरीसाठी आलेले, भाड्याच्या घरात राहणारे. आज येथे, उद्या पुण्यास, परवा परदेशी. घर बदलले, विवाह झाला, मूल झाले, तर पिल्लाचे काय, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थांना नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही घरमालकाशी आधी बोलून घेणे शहाणपणाचे.

दुसरा हिशेब वेळेचा. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसभर एकटे राहू शकत नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न लागते आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते. झोपून उठल्यावर व जेवल्यावर ठरलेल्या जागी नेले, तेथे विधी उरकताच कौतुक केले, की ते हळूहळू शिकते. मारल्याने ते फक्त लपायला शिकते. दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात. त्या काळात चपला, विजेच्या तारा व पुस्तके उंचावर ठेवावीत आणि चावण्यासाठी त्याला स्वतःची वस्तू द्यावी. चॉकलेट, द्राक्षे, मनुका व कांदा त्याला कधीही देऊ नयेत.

तिसरा हिशेब आरोग्याचा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लसी सुरू होतात. त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास द्यावयाची. तिची मात्रा पुढेही वैद्याच्या सल्ल्याने देत राहावे. जंतनाशक औषध, गोचिडांपासून संरक्षण आणि योग्य वयात निर्बीजीकरण हेही या खर्चाचे भाग होत. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नये, हे खरे. पण निरनिराळी माणसे, आवाज, पायऱ्या, वाहने यांची ओळख याच वयात व्हावी लागते. म्हणून त्याला कडेवर घेऊन फिरवावे.

आश्रयगृहातून आलेले पिल्लू पहिले काही दिवस खाटेखाली दडून बसेल, रात्री रडेल, कदाचित खाणारही नाही. याचा अर्थ ते कृतघ्न आहे, असा नव्हे. त्याने आई, भावंडे वा परिचित कोपरा नुकताच गमावलेला असतो. पाहुण्यांची गर्दी टाळावी, एक शांत जागा द्यावी आणि त्याने आपणहून जवळ येण्याची वाट पाहावी. ही वाट कधी दिवसांची, कधी महिन्यांची असते.

एवढे ऐकून एखाद्याने ‘आता नको’ असे ठरविले, तर तो निर्णय निर्दयपणाचा मानू नये. त्याने आठवड्यातून एकदा आश्रयगृहात जाऊन कुत्री फिरवून आणावीत. तेही उपकारकच होय. दुःखद गोष्ट ती, हौसेने नेऊन दोन महिन्यांनी परत आणून सोडण्याची. रस्त्यावर सोडणे तर त्याहून वाईट. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. पण कायद्याआधी विचार करावा तो त्या पिल्लाचा. त्याला पहिले घर सुटल्याचे कारण कळले नव्हते. दुसरे सुटले, तर तेही कळणार नाही.