गळा आपला, यंत्र किती?

आमच्या महिला भजनी मंडळात आम्ही वीसजणी आहोत. आठ महिने प्रत्येकीने महिन्याला पन्नास रुपये बाजूला काढले. आठ हजार रुपये जमले. त्यातून आवाजाचं सामान घ्यायचं ठरलं आणि वाद सुरू झाला. कुणी म्हणे इको घेऊ, कुणी म्हणे मोबाईलवर बघितलं तसलं लूपर घेऊ. शेवटी काय घेतलं आणि का, तेच आज सांगतो.

आधी आमची फजिती ऐका. मागच्या वर्षी एका भजन स्पर्धेत भाड्याच्या साउंडवाल्याने इको भरपूर चढवला. गाताना आम्हालाच वाटलं, आपण मोठ्या गायिका झालो! खाली उतरलो तर पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "आवाज लई गोड होता गं, पण अभंग कुठला म्हणलात?" नंबर गेला त्याचं एवढं नाही वाटलं, पण हे बोलणं लागलं. शब्दच पोचला नाही, तर अभंग म्हटला कशाला?

तेव्हा आधी इको म्हणजे काय ते समजून घेतलं. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. सतरा मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढा उशीर झाला की आपली हाक आपल्याला परत वेगळी ऐकू येते. हा इको. भिंती जवळ असल्या की असे कितीतरी आवाज एकमेकांत मिसळतात आणि गाण्यामागे शेपूट राहतं. दगडी सभामंडपात असं होतं. त्याला रिव्हर्ब म्हणतात. यंत्र हेच दोन्ही बनवून देतं.

मग हिशोब सोपा झाला. देवळात दगडच रिव्हर्ब देतो, तिथे यंत्राचा नको. उघड्या मैदानात आवाज कोरडा वाटतो, तिथे थोडा रिव्हर्ब चालतो. पण गजर चढला की शब्द भराभर येतात, पहिल्याचं शेपूट दुसऱ्यावर पडतं. तेव्हा इको बंदच बरा.

सूर दुरुस्त करणाऱ्या यंत्राबद्दलही विचारलं. ऑटोट्यून 1997 मध्ये बाजारात आलं. ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा अभ्यास करत होते. हे यंत्र सुटलेला सूर जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढून बसवतं. पण आपण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींडच तर आपली गोडी. तीही ते चूक समजून सरळ करायला जातं. आम्ही म्हटलं, सूर चुकला तर पेटीवर बसून पक्का करू.

आता लूपर. आमच्यातल्या एकीची मुलगी शहरात गाते, तिने सुट्टीत आणून दाखवलं. पायाने बटण दाबायचं, एक ओळ गायची, परत दाबायचं. तीच ओळ फिरत राहते. तिच्यावर दुसरी चढवा, तिसरी चढवा. एकटी मुलगी दहाजणींसारखी गाते! एकटीने कार्यक्रम करणाऱ्या कलाकाराला हे मोठं वरदान आहे.

पण आपल्या भजनात ते कसं बसणार? एक तर आपण मांडी घालून बसतो, हातात टाळ. बटण दाबायचं कुणी? दुसरं, अभंग संथ सुरू होतो आणि गजरात लय वाढत जाते. पखवाजवाली आपल्याकडे बघून लय वाढवते. लूपर कुणाकडे बघत नाही, पहिल्यांदा भरलेल्या लयीतच फिरत राहतं. आणि मागे म्हणायला आम्ही एकोणीसजणी आहोतच की!

कुणाला घ्यायचंच असेल, तर मागची भोकं आधी बघा. बऱ्याच स्वस्त लूपरना गिटारची जाड पिन लागते. तीन पिनांचा माइक त्यात थेट बसत नाही. माइकची जागा असलेलं वेगळं मिळतं, ते महाग. ॲडॅप्टर कंपनीने सांगितलेलाच वापरा. प्लस-मायनस उलटं झालं तर यंत्र जळू शकतं.

आम्ही शेवटी आतच इको-रिव्हर्ब असलेला छोटा मिक्सर घेतला आणि दोन साधे डायनॅमिक माइक. आमच्या मिक्सरवर प्रत्येक माइकला इफेक्टचं वेगळं बटण आहे. म्हणून रिव्हर्ब फक्त गाणारीला देता येतो, पखवाजाला नाही. टाळाला इको दिला तर नुसता खणखणाट होतो.

दुकानात "हॅलो, हॅलो" म्हणून थांबलो नाही. टाळ सोबत नेले होते. आख्खा अभंग म्हटला, आधी इफेक्ट बंद ठेवून, मग थोडा थोडा वाढवत. दोघींना दुकानाच्या दारात उभं केलं. शब्द कळेनासा झाला की त्यांनी हात वर करायचा. हात वर झाला, तिथून बटण मागे घेतलं. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद मागून घेतला. आणि एक लक्षात ठेवा, माइक स्पीकरच्या तोंडासमोर ठेवू नका, शिट्टी वाजते. इको जास्त असला की ती लवकर वाजते.

आमच्या सगळ्यात थोरल्या काकूंचा आवाज आता बारीक झालाय. पूर्वी त्या कोरसमध्ये हरवून जायच्या. परवाच्या एकादशीला एक माइक त्यांच्याजवळ ठेवला, इफेक्टचं बटण शून्यावर. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायांनी नंतर त्यांचं चरण जसंच्या तसं म्हणून दाखवलं. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या.

तुमच्या मंडळाला काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण घेण्याआधी दोघींना दारात उभं करा. राम कृष्ण हरी.