ऋणनिर्देशाच्या पानावर न मावणारी माणसं



मराठी पुस्तक हाती आलं की मी आधी ऋणनिर्देशाचं पान काढतो. बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण तिथला मजकूर ठरलेला असतो. प्रकाशकांचे आभार, मुखपृष्ठकारांचे आभार, आणि शेवटी घरच्यांचे आभार, तेही ‘आभार मानून त्यांना परकं करणार नाही’ असं म्हणून सोयीस्कर टाळलेले. पुस्तक लिहून होईपर्यंत लाइटबिल कोण भरत होतं, दाराशी आलेल्या माणसाला ‘ते कामात आहेत’ असं कोण सांगत होतं, याचा त्या पानावर पत्ता लागत नाही.

लिहिण्याच्या आयुष्याने काय काय दिलं त्याविषयी आज बोलायचं आहे. हल्ली कृतज्ञतेचा सराव करा, असं बरंच सांगितलं जातं. रोज रात्री वहीत दिवसभरातल्या चार चांगल्या गोष्टी लिहून ठेवा म्हणतात. लिहिणाऱ्याला हा सल्ला देण्यात धोका आहे. तो आणखी एक वही भरेल आणि जमलं तर दिवाळी अंकाकडे पाठवूनही देईल! माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्यामुळे आपण लिहू शकलो त्या माणसांना नावं असतात, गावं असतात. ती घ्यावीत. नुसतं मनातल्या मनात भरून येण्याचा त्यांना काही उपयोग नाही.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशाला सांगितली गेली. ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या अखेरच्या ओवीत शक आहे, ज्ञानेश्वरांचं नाव आहे आणि लिहून घेणाऱ्याचंही नाव आहे. छापखाने यायला अजून कितीतरी शतकं होती, तेव्हा लेखनिक ग्रंथात नावानिशी आला. नऊ हजार ओव्या ऐकत लिहायच्या, बोलणारा थांबेल तेव्हा थांबायचं, पुन्हा बोरू दौतीत बुडवायचा! हे काम केलेल्या माणसाचं नाव शेवटी यावं, यात मला मोठा सुसंस्कृतपणा दिसतो.

पुढे या ग्रंथाच्या नकला होत गेल्या आणि नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनी तो हाती घेतला. नाथ काही साधे नकलाकार नव्हते. त्यांचं भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालं होतं. कवी म्हणून त्यांना कोणाकडून काही मिळवायचं उरलं नव्हतं. अशा माणसाने ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, अशुद्ध पाठ काढले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. विचार करा, ओवी ज्याच्या हातचा मळ आहे असा कवी एखाद्या ढिल्या जागेपाशी आला असेल, तेव्हा त्याचे हात शिवशिवले नसतील? त्यांनी ते आवरले. स्वतःची लेखणी बाजूला ठेवून दुसऱ्याचं लेखन तपासत बसणं, याहून मोठी कृतज्ञता मला मराठी वाङ्मयात दिसलेली नाही. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती या शुद्ध प्रतीच्या स्मरणाची.

तुकोबांच्या अभंगांसाठी आपण ते उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांचे ऋणी आहोत. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर बहिणाबाई चौधरी. असोदं माहेर, जळगाव सासर, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्या जमतील तशा उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी. आईची गाणी लोकांपुढे न्यावीत की नाही, या संकोचात होते. त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हे सोनं झाकून ठेवू देईनात, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. मुलाने वही केली नसती, तर ही गाणी बाईंबरोबरच गेली असती.

आता छापखान्याकडे येतो. माझ्या पहिल्या गोष्टी खिळ्यांच्या छपाईतल्या. कंपोझिटर उभ्याने काम करायचा. समोर टाइपांचे कप्पे; काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, सगळं वेगळं. माझं अक्षर घरातल्यांनाही लागत नसे, ते त्याला लागायचं. माझं लेखन अक्षर न् अक्षर वाचणारा तो पहिला माणूस, आणि बहुधा शेवटचाही. मराठी डोळ्यांना जे देवनागरी वळण आज सुंदर वाटतं, त्यात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा मोठा वाटा आहे. तो १८६९ मध्ये जावजी दादाजींनी काढला, हे निदान जाणकारांना ठाऊक असतं. पण त्याचे टाइप घडवणारे राणोजी रावजी आरू हे नाव किती लेखकांनी ऐकलं असेल? पोलादात उलटं अक्षर कोरायचं, तेही एकसारखं. आपण कागदावर सुलटं लिहितो आणि तेवढ्यानेच दमतो.

खिळे गेले, कंपोझिटर गेले, संगणक आला. मुद्रितशोधक मात्र अजून आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहणारा, तिसऱ्या प्रकरणात मेलेलं पात्र सातव्यात चहा पितंय हे नम्रपणे कळवणारा. फार थोड्या पुस्तकांवर त्याचं नाव असतं. मला हे बरोबर वाटत नाही. चूक राहिली की ती मुद्रितशोधकाची आणि भाषा निर्दोष असली की ती लेखकाची, हा कुठला न्याय?

आणखी एक देणगी आहे, जिला आम्ही लेखक शापच म्हणतो. ती म्हणजे मुदत. पुण्याच्या आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं आणि मग आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी झाली. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. गदिमांची प्रतिभा मोठी होतीच. पण पुढच्या आठवड्याची वेळ ठरलेली नसती, तर रामाला वनवासातून परत यायला किती वर्षं लागली असती, कोण जाणे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला दर पावसाळ्यात कोणीतरी आठवण करतं, की मजकूर कुठवर आला? कोणी आपल्या लेखनाची वाट पाहतं, यापेक्षा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? ज्याला कोणीच विचारत नाही, त्याला विचारून पाहा.

हे सारं सांगताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. मला लिहायला-वाचायला कोणी अडवलं नाही. ज्यांना अडवलं गेलं, त्यांच्या लेखनापुढे माझ्या सुखाची भाषा जपून वापरावी लागते. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ताबाईंचा निबंध छापला गेला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. मुक्ताबाई ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली, कोवळ्या वयाची मुलगी. ती शाळा चालवणाऱ्यांनी अंगावर काय काय झेललं, ते आपण जाणतो. पुढे शंभर वर्षांनी अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. १९५९ च्या त्या कादंबरीची अर्पणपत्रिका बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला आहे. माणसाला नव्हे, त्याच्या लेखणीला. एका लेखणीने दुसऱ्या लेखणीचं ऋण मान्य करावं, तेही इतक्या थोड्या शब्दांत, हे मी पुन्हा पुन्हा वाचतो.

संपादकांविषयी मी मुद्दाम कमीच बोलतो. आम्ही त्यांचे आभार तोंडावर मानतो आणि पाठीमागे भलतंच बोलतो. पण कथा परत पाठवताना का परत पाठवली हे चार ओळींत लिहिणारे संपादक मला लाभले. त्या ओळी तेव्हा झोंबल्या. छापून आलेल्या गोष्टींपेक्षा त्या परत आलेल्या गोष्टींनीच मला जास्त शिकवलं, असं आज वाटतं. आणि कृतज्ञता म्हणजे मान डोलावणं नव्हे. १९६९ मध्ये काही तरुण कवींनी ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली, त्याच्याशी भांडताना त्यांना स्वतःचा आवाज सापडला, हेही एक देणंच.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. पुस्तकात मुद्रितशोधकाचं आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापलं जावं, असा आग्रह प्रकाशकाकडे धरायचा. वाचकाच्या पत्राला उत्तर लिहायचं, मग पत्र शिव्यांचं का असेना. नवोदितांचं हस्तलिखित आलं तर ते वाचून परत द्यायचं, आणि खोटं कौतुक करायचं नाही.

आणि राहिला तो ग्रंथपाल. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून उभं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी वाचनालयं झाली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. ड वर्गातल्या वाचनालयात बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तोच कुलूप उघडतो, तोच धूळ झटकतो, तोच वर्तमानपत्रं लावतो, आणि त्याला मिळणारी रक्कम तुटपुंजी असते. माझी पुस्तकं ज्यांनी विकत घेतली त्यांच्यापेक्षा ज्यांनी अशा ठिकाणाहून नेऊन वाचली, असे वाचक मला कितीतरी अधिक भेटले. ते वाचक मला त्या एका माणसाने मिळवून दिले.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावात, पेठेत असं वाचनालय असेल, तर या आठवड्यात तिथे जा. वर्गणी थकली असेल तर भरून टाका, ग्रंथपालाला नावाने हाक मारा, आणि गेल्या वर्षी नेलेलं पुस्तक घरात असेल, तर ते आधी परत करा.