पन्नास वर्षांच्या बाटलीविषयीं
(सुवर्णमहोत्सवाच्या स्नेहसंमेलनांत केलेलें भाषण)



आपलें धर्मग्राम स्थापन झालें तें १९७५ च्या पवित्र वर्षांत, आणि त्याचा सुवर्णमहोत्सव आला तोही २०२५ च्या पवित्र वर्षांतच. त्या १९७५ सालीं पिकलेल्या द्राक्षांच्या रसाची एक बाटली आपल्यांतील एका दर्यावर्दी गृहस्थांनीं पुढें फ्रान्सांतील बोर्दो बंदराहून आणिली व "पन्नासाव्या वर्षीं उघडा" असें बजावून ठेविली. ते आज हयात नाहींत. बाटली उघडण्याचें काम महोत्सव मंडळानें आम्हां तिघांवर सोंपविलें. त्याचा हा वृत्तांत.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. जितका जुना तितका उत्तम, हें द्राक्षारसाविषयीं सरसकट खरें नाहीं. जगांतील बहुतेक द्राक्षारस थोड्या वर्षांत पिऊन टाकण्याच्याच योग्यतेचा असतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत जुन्याची गोडी लागलेल्या मनुष्याचा उल्लेख आहे खरा. परंतु काना येथील लग्नांत भोजनकारभाऱ्यानें जो उत्तम ठरविला, तो द्राक्षारस घटकाभरही जुना नव्हता! टिकतो तो तुरटपणा व आंबटपणा ज्याच्यांत भरपूर असतो तोच. आमची बाटली मेदोक प्रांतांतील पोइयाक गांवची. तेथील रस मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या काळ्या द्राक्षांचा, आणि १९७५ चें पीक तर विशेष तुरट म्हणून प्रसिद्ध. हा तुरटपणा सालींतून व बियांतून उतरतो. वर्षानुवर्षें बाटली पडून राहिली म्हणजे त्याचे कण एकमेकांशीं व रंगाशीं जडतात, आणि गाळ होऊन तळाशीं बसतात. त्यामुळें रस मवाळ होतो व रंगही उतरतो. हवा अगदीं थोडी लाभली तर परिपाक, फार लाभली तर नाश. लुई पास्तर यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हवेच्या या कार्याचा विचार केला आहे.

आमची चिंता निराळीच होती. अशा रसास थंड तळघर पाहिजे. आपल्याकडे वैशाखांतला उकाडा. बाटली दर्यावर्दींच्या जुन्या घरांतील जाड मातीच्या भिंतींच्या खोलींत, भाताच्या तुसांत आडवी ठेविलेली होती. आडवी ठेविल्यानें बूच ओलें राहतें. तरीही रस गळ्याखालीं खांद्यापर्यंत उतरला होता. ती महोत्सवी मिस्सेस वापरावी असें कित्येकांचें म्हणणें पडलें. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९२४ व्या कलमाप्रमाणें मिस्सेचा द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचा व न बिघडलेला असावा लागतो, आणि आंत काय झालें आहे हें उघडल्यावांचून कळेना. तेव्हां वेदीवर नेहमींचाच रस ठेवावा असें ठरलें, आणि तें योग्यच झालें.

गाळ तळाशीं बसावा म्हणून दोन दिवस आधीं आम्ही बाटली उभी केली. उघडतांना बूच मधोमध तुटलें. सबब रस धुतलेल्या मलमलीच्या फडक्यांतून गाळावा लागला. गळ्यामागें मेणबत्ती धरिली होती. गाळाची काळी रेघ दिसतांच ओतणें थांबविलें. रंग लाल कसला, जुन्या कौलांचा! पहिला वास कुबट. आम्ही एकमेकांकडे पाहिलें. पांच मिनिटांनीं मात्र ओली माती, तंबाखूचें पान, सुकें अंजीर, देवदाराची पेटी, असे वास एकामागून एक उमलले. चव पातळ, मवाळ, शेवटीं किंचित् तुरट.

पहिला घोट दर्यावर्दींच्या पत्नीचा, हें आधींच ठरलें होतें. मावशींनीं पेला बराच वेळ नाकाशीं धरिला, घोट घेतला, आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षां आपली नाताळची वाईन गोड." आम्ही हंसलों. पेला मात्र त्यांनीं खालीं ठेविला नाहीं. अर्ध्या तासानें वास मंदावला, तासाभरानें आंबट धार पुढें आली. तोंपर्यंत त्यांचा पेला संपला होता. रिकामी बाटली त्यांनीं पदराखालीं घेऊन घरीं नेली.