स्कोर खराब, पण घर तर हवंच!

अमेरिकेत घर भाड्यानं घ्यायचं, तर मालक आधी क्रेडिट स्कोर बघतात. 300 ते 850 मधला आकडा. आपला भारतातला सिबिल सहसा कुणी विचारत नाही.

जर्सी सिटीत स्कोरमुळे माझा अर्ज नाकारला गेला. जुनी जागा सोडायला तीनच आठवडे उरलेले.

अशा वेळी लेखी कारण मागा. 1970च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार, रिपोर्ट बघून नकार दिला, तर तो कुठल्या कंपनीचा होता हे सांगावंच लागतं. 60 दिवसांच्या आत तुम्ही तो फुकट मागवू शकता. मी मागवला. माझ्याच नाव-आडनावाच्या दुसऱ्या कुणाचं तरी थकलेलं कार्ड माझ्या नावावर चढलेलं! तक्रार केली. पण तपासाला साधारण 30 दिवस लागू शकतात.

तोवर राहायचं कुठे? मोठ्या बिल्डिंगा सोडल्या, स्वतः घर भाड्यानं देणारे मालक गाठले. पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, जुन्या मालकाचं पत्र, सगळं एकाच पीडीएफमध्ये. एक गुजराती काका तयार झाले.

घर शोधायच्या आधीच तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट काढून बघा, फुकट मिळतात. भेटू पुढच्या भागात!