तुतीचे खत आणि कोषाचा भाव

रेशीम हे अखेर प्रथिन आहे आणि प्रथिनाला नत्र लागते. रेशीमकीटक तुतीच्या पानावाचून दुसरे काही खात नाही. म्हणजे धाग्यातील नत्र पानातून व पानातील नत्र मातीतून येते. वर्षातून पाच वेळा पाला देणाऱ्या तुतीचा जमिनीवरील भार म्हणूनच मोठा आहे. बागायती व्ही-१ जातीसाठी म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेची शिफारस दर हेक्टरी वर्षाला २० टन शेणखत, ३५० किलो नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी १४० किलो अशी आहे. रासायनिक खत एकदम द्यावयाचे नसते. प्रत्येक छाटणीनंतर, फुटवे आल्यावर, हप्त्याहप्त्याने द्यावयाचे असते.

प्रत्यक्षात काय घडते? २०१० साली केंद्र सरकारने युरियाची किंमत बांधलेली ठेवली आणि स्फुरद-पालाशाच्या खतांच्या किमती बऱ्याच अंशी मोकळ्या सोडल्या. ज्याची गाठ तोकडी तो युरियाचेच पोते उचलतो. बाग हिरवीगार दिसते, पाला वजनाला भरतो. कोवळे, पाणीदार पान चॉकीतील बाल अळ्यांना मानवते हे खरे; परंतु अळी आपल्या आयुष्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेत खाते, आणि त्या वेळी तिला पक्व, कसदार पान हवे असते. नुसत्या नत्रावर वाढलेल्या लुसलुशीत पाल्याने अळ्या रोगाला बळी पडतात, कोष पातळ होतो. दिल्लीतील किंमतधोरण असे थेट किड्याच्या पोटात शिरते.

शेणखताची अडचण निराळी. दोन गुरांच्या धन्याने वीस टन आणावे कोठून? संगोपनातील विष्ठा व उरलेल्या फांद्या कुजवून परत शेतात घालता येतात, आणि त्याने भार हलका होतो. मात्र रोगट अळ्यांचा कचरा ताजा टाकणे घातक. हे काम, पाला तोडण्याच्या व घालण्याच्या कामाप्रमाणेच, बहुधा घरातील बायकांकडे जाते. उत्पादनखर्चाच्या कोष्टकात त्यांची मजुरी क्वचितच दिसते. खताने पाला वाढला की त्यांचे तासही वाढतात, ही गोष्ट आपल्या अर्थशास्त्र्यांना सहसा सुचत नाही.

एवढे करून भाव कोणाच्या हाती? २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून एकदम ५ टक्क्यांवर आणले गेले आणि कर्नाटकातील कोषउत्पादक भाव कोसळल्याने हवालदिल झाले. २०१३ साली ते १५ टक्के करण्यात आले. तोवर उसनवारीने घातलेले खत मातीत गेलेले होते.

मराठवाड्याचे शेतकरी कोष घेऊन रामनगरपर्यंत जात. २०१८ साली जालन्यास कोषबाजार सुरू झाल्याने तो हेलपाटा कमी झाला. रोजगार हमीत तुतीलागवड आली, हेही चांगले झाले. आता कार्यकर्त्यांनी त्याच लाभार्थ्यांसाठी मातीपरीक्षण, कंपोस्ट खड्ड्यांची मजुरी आणि कोषाला आधारभाव या तीन मागण्या एकत्र लावून धरावयास हव्यात.